पिंप भरेपर्यंत

आमच्या दुकानात बारा महिने खपणारी वस्तू एकच, इंजिन ऑईल. ब्रेकशू, क्लचप्लेट, केबल, बल्ब हे मोडल्या-तुटल्यावर लागतं. ऑईल मात्र गाडी नीट चालत असली तरी लागतंच. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात सासऱ्यांनी घातलेलं हे स्पेअर पार्ट्सचं दुकान. काउंटरवर मी असते. माल आणायचं आणि उधारी वसूल करायचं काम ह्यांचं. (पहिलं जमतं.) मेकॅनिक मला वहिनी म्हणतात. त्यांतल्या काहींचे मुलगे आता गॅरेज चालवतात, तेही वहिनीच म्हणतात. काकी म्हणायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.

कुठल्या गाडीत किती ऑईल बसतं हे मला तोंडपाठ आहे. स्कूटरला पाऊण लिटर, साध्या मोटरसायकलला लिटरला थोडं कमी, बुलेटला दोनाच्या वर, छोट्या कारला तीन-साडेतीन, टिपरला मॉडेलप्रमाणे बारा-पंधरा किंवा त्याहून जास्त. विक्रीची वही उघडली की महिन्याला किती लिटर दुकानातून गेलं ते अर्ध्या तासात सांगते. जीएसटी आल्यापासून सरकारलाही ते घरबसल्या कळतं. पण जेवढं नवं इंजिनात जातं, जवळपास तेवढंच जुनं खालून निघतं. थोडं जळतं, थोडं गळतं, बाकीचं सगळं काळं होऊन मेकॅनिकच्या ट्रेमध्ये. त्या काळ्याची वही कुणाकडे आहे?

गेल्या मे महिन्यात एक ओळखीचे भाटकार, म्हणजे बागायतीचे मालक, दुकानात आले. काजूच्या बागेला कुंपण घालत होते. लाकडी खांबांच्या खालच्या टोकाला वाळवी लागू नये म्हणून फासायला त्यांना जळकं ऑईल हवं होतं. आमच्याकडे नवं मिळतं, जुनं नाही, म्हणून त्यांना समोरच्या गॅरेजात पाठवलं. पाच मिनिटांत परत. "नाही म्हणतो. सगळं आधीच बोलून ठेवलेलं आहे म्हणे."

मला गंमत वाटली. पूर्वी हेच मेकॅनिक "डबा घेऊन या आणि पाहिजे तेवढं न्या" म्हणायचे. संध्याकाळी दुकान बंद करताना मी समोर जाऊन विचारलं. तर भंगारवाला टेंपो घेऊन येतो, ऑईल मोजून घेतो, लिटरवर पैसे देतो. नव्या ऑईलच्या मानाने किरकोळच, पण पोराच्या चहापाण्याचा खर्च निघतो. मी विचारलं, तो पुढे काय करतो त्याचं?

"तें आमचें काम न्हय, वहिनी."

त्याचं काय चुकलं? त्याच्या दृष्टीने ट्रे रिकामा झाला, पैसे आले, विषय संपला.

मी मात्र विचारत राहिले. सवयच आहे. कुणी सांगितलं बांधकामावर जातं, सेंटरिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावतात. कुणी सांगितलं भट्टीत जाळतात. आणि एका जुन्या मेकॅनिकने, जो आता गुडघ्यांमुळे घरीच असतो, खाली आवाजात सांगितलं, की काही माल गाळून, रंग उतरवून पुन्हा डब्यात भरला जातो आणि नव्याच्या भावाला थोडा कमी करून विकला जातो. हे शेवटचं मला पटलं, कारण त्याची दुसरी बाजू मी रोज बघते. रिकाम्या ऑईलच्या डब्याला भंगारात दोन भाव असतात. फुटक्या डब्याचा एक, आणि झाकण-लेबल शाबूत असलेल्या डब्याचा त्याहून चांगला. नुसत्या प्लास्टिकसाठी लेबल शाबूत कशाला हवं? तेव्हापासून आमच्या दुकानात एक मोठा खिळा टांगलेला आहे. जो मेकॅनिक दुकानातच डबा रिकामा करतो, त्याचा डबा मी स्वतः भोकं पाडून परत देते. तोंडं वाकडी होतात. होऊ देत.

खाणी जोरात होत्या तेव्हाचं चित्र वेगळं होतं. आम्ही ऑईल बॅरलने विकायचो. टिपरवाले गॅरेजात जायला वेळ घालवत नसत, ट्रिपचे पैसे बुडायचे. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, खाली सरकायचं, ड्रेन बोल्ट काढायचा. खाली कधी अर्धा कापलेला कॅन, कधी तोही नाही. साखळी-उसगावच्या बाजूला लाल मातीवर ते काळे डाग जागोजागी दिसायचे, आणि पहिला पाऊस पडला की डाग पुसून जायचे. पुसून म्हणजे व्हाळात, ओढ्याच्या पाण्यात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या दिवसांत आमच्या वहीत ऑईलची पानं कोरी राहू लागली, आणि सासरे काउंटरवर बसून समोरून एकही टिपर जात नाही हे बघत राहायचे. धूळ, प्रदूषण, पाणी यांवर तेव्हा खूप बोलणं झालं. इंजिन ऑईलवर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्याला कारण आहे. थोडं थोडं सांडलेलं दिसत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात नू-शी नलिनी हे जहाज दोना पावलाजवळ खडकात येऊन अडकलं, आत दोन हजार टनांहून जास्त नाफ्था, पेट्रोलसारखं पेटणारं तेल. अख्खा गोवा तिकडे बघत होता, आमच्या दुकानातही दुसरा विषय नव्हता. किनाऱ्यावर डांबराचे गोळे आले की दरवर्षी फोटो छापून येतात. ते मुख्यतः समुद्रातून, जहाजांच्या आणि तेलविहिरींच्या बाजूने येतात, गॅरेजातून नव्हे. पण गावागावांत एकेक लिटर करून जे जमिनीत मुरतं त्याचा फोटो कसा काढणार?

हे काळं ऑईल म्हणजे नेमकं काय, ते मला मेकॅनिकांनीच शिकवलं. ऑईल बदलताना आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात, म्हणजे ऑईल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन खाली येतं. बोल्ट काढला की पहिली धार जाड, मग सुतासारखी, मग थेंब. चांगला मेकॅनिक त्यातलं थोडं अंगठ्याने बोटावर चोळून उजेडात धरतो. चमचम दिसली तर आतून धातू झिजतोय. पेट्रोलचा वास आला तर रिंग गेल्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. एका थेंबात इंजिनाची कुंडली. म्हणजेच त्या थेंबात धातूचा कीस, काजळी, पेट्रोल, पाणी आणि नव्या ऑईलमध्ये घातलेल्या रसायनांचा चोथा, सगळं आहे. अर्धवट ज्वलनातून तयार होणारी पीएएच नावाची संयुगं त्यात साचतात, आणि त्यांतली काही कॅन्सरला कारण ठरणारी आहेत. आमचे मेकॅनिक त्याच ऑईलने माखलेले हात पेट्रोलने धुतात. मी हातमोजे ठेवले विकायला. सहा महिने तसेच पडून आहेत.

पण ह्या सगळ्या घाणीखाली मूळचं तेल शाबूत असतं. हे ऐकून मला खरंच नवल वाटलं. ऑईल मळतं, त्यातली रसायनं संपतात, मूळ तेल मात्र झिजत नाही. त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडवून, मग हवेचा दाब कमी करून ते ऊर्ध्वपातनाने वेगळं काढलं आणि शेवटी साफ केलं, की पुन्हा नव्यासारखं बेस ऑईल मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब आहे, की अडीच क्वार्ट, म्हणजे आपल्या मापात सव्वादोन-अडीच लिटर वंगण तेल काढायला कच्च्या तेलाचं १५९ लिटरचं एक बॅरल लागतं, आणि तेवढंच वंगण एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर जुन्या ऑईलमधून निघतं. अर्थात बॅरलमधून पेट्रोल-डिझेलही निघतं, त्यामुळे तुलना अगदी सरळ नाही. तरी सुद्धा, ज्याच्यात इतका माल आहे ते आम्ही खांबाला फासतो.

जुनी पद्धत आम्लाने आणि मातीने साफ करायची होती. त्यातून जो आम्लयुक्त चिखल उरतो तो मूळ ऑईलपेक्षा वाईट. म्हणून कुणीही पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करायचं नाही, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि ठरलेली पद्धत लागते.

कायदा आहे. तो मी वाचून काढला, दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. घातक आणि इतर कचऱ्याचे २०१६ चे नियम. वापरलेलं ऑईल त्यात घातक कचरा म्हणून मोडतं, पण पुन्हा वापरात आणता येण्यासारखा. ज्याच्याकडे ते तयार होतं त्याने ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, नोंद ठेवायची, दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण मंडळाकडे द्यायचं, आणि अधिकृत माणसालाच द्यायचं. देताना जो कागद करतात त्याच्या सात प्रती सात रंगांच्या: पांढरी, पिवळी, गुलाबी, केशरी, हिरवी, निळी, करडी. एकेक प्रत देणाऱ्याकडे, नेणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडे, मंडळाकडे फिरते. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे सगळं होतं. तिथे काँक्रीटची जमीन, पिंपाखाली बांध, भिंतीवर पाटी. आमच्या रस्त्यावरच्या मेकॅनिकाकडे ट्रे आहे, आणि पाटी फक्त लिंबू-मिरचीची.

२०२३ च्या सप्टेंबरात ह्या नियमांत एक महत्त्वाची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२४ पासून लागू. जी कंपनी वंगण तेल बनवते किंवा बाहेरून आणते, तिच्यावर आता जुन्या ऑईलचीही जबाबदारी. विकलेल्या मालाच्या प्रमाणात ठराविक टक्के ऑईल पुनर्वापरात गेल्याचे दाखले कंपनीने दाखवायचे. पहिल्या वर्षी ५ टक्के, पुढच्या वर्षी १०, असं चढत चढत दशकाच्या शेवटी ५० टक्क्यांपर्यंत. दाखले ऑईल शुद्ध करणारा कारखाना देतो, कंपनी ते विकत घेते. ऑईल गोळा करणाऱ्यालाही केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. वाचून मला बरं वाटलं. आता मागणी वरून येणार, पैसा वरून येणार.

मग मी अधिकृत नोंद असलेल्या एका गोळा करणाऱ्याला फोन लावला. माणूस सभ्य होता, सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिंप किती आहेत तुमच्याकडे?"

मी म्हटलं, पिंप नाही, आमच्या गल्लीत चार-पाच गॅरेज आहेत, प्रत्येकाकडे थोडं थोडं असतं.

"वहिनी, एका कॅनसाठी गाडी काढली तर डिझेलचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. निदान एक-दोन पिंप तरी भरू देत. मग बोलवा, कागदासकट नेतो."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिंप दोनशे लिटरचं. स्कूटर पाऊण लिटरची. ह्या दोहोंच्या मधलं जे अंतर आहे, तिथे कायदा पोचत नाही, तिथे भंगारवाला पोचतो. तो एकेक कॅन गोळा करतो, म्हणून माल त्याचा. आणि काळ्या ऑईलला भाव आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की ह्याची सोय आपोआप होते, कचऱ्याच्या गाडीने त्यात पडायची गरज नाही. भाव त्याला जिथे पैसे मिळतात तिथे नेतो, एवढंच. मग ती भट्टी असो की बनावट ऑईलचा डबा. त्यामुळे एक लिटरपासून दोनशे लिटरपर्यंत कुणीतरी थांबायचं, झाकण लावून ठेवायचं आणि लिहून ठेवायचं, हे काम गावातल्याच यंत्रणेचं आहे असं माझं ठाम मत झालं. खरेदी करू नका, शुद्ध करू नका, फक्त पिंप भरेपर्यंत जागा द्या.

बॅटरीचं बघा. जुनी बॅटरी दुकानदाराने परत घ्यायची हा नियम २००१ मध्येच आला. आमच्याकडे नवी बॅटरी घ्यायला येणारा माणूस जुनी घेऊनच येतो, कारण ती दिली की बिलात पैसे कमी होतात. रस्त्यावर टाकलेली बॅटरी मी तरी कधी पाहिली नाही. बॅटरी एकेक आली तरी अडत नाही, ती कोपऱ्यात उभी राहते, सांडत नाही. ऑईलला भांडं लागतं, एवढाच फरक.

माझा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. त्याला फोनवर हे सांगत होते तर म्हणाला, "मावशी, आमच्याकडे कचऱ्याची गाडीच नेते." मला वाटलं थापा मारतोय. पण खरंच, तिथे घरी ऑईल बदलणाऱ्यांना कचरा नेणाऱ्यांकडून घट्ट झाकणाचे कॅन आणि फिल्टरसाठी वेगळी पिशवी फुकट मिळते. ती भरून कचऱ्याच्या दिवशी डब्याशेजारी ठेवायची. त्या राज्यात १९९१ साली ह्यासाठी खास कायदा झाला. नव्या ऑईलच्या प्रत्येक गॅलनवर कंपनीकडून छोटी रक्कम घेतात आणि त्यातून गोळा करणाऱ्या केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना पैसे देतात. भाच्याने फोटो पाठवला, रस्त्याच्या कडेला कॅन ठेवलेला. मी तो मेकॅनिकांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "हांगा दवरल्यार कॅनय व्हरतले." इथे ठेवला तर कॅनसुद्धा नेतील.

आता पंचायत. दुकान डिचोलीत, पण आम्ही राहतो तालुक्यातल्याच एका गावात, आणि हमरस्त्याला लागून बहुतेक छोटी गॅरेजं आमच्याच गावच्या हद्दीत आहेत. सुका कचरा वेगळा करायची शेड पंचायतीने बांधलेली आहे. तिथे एक कोपरा मिळेल का, हे विचारायला मी गेले. काउंटरवरच्या मुलीने उत्साहाने सांगितलं, "जळकं तेल ना? हो, हो, ते आता घेतात. हॉटेलांना सांगितलंय." मी चक्रावले. दोन मिनिटांनी कळलं, ती भजी तळलेल्या तेलाबद्दल बोलत होती! अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'रुको' नावाची मोहीम काढली, तळलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची. त्याची माहिती कुणीतरी तिला दिली होती. बिचारीची चूक काहीच नाही. भजीच्या तेलासाठी मोहीम आहे, पत्रक आहे, नाव आहे. इंजिनाच्या तेलासाठी पंचायतीत पोचलेला एक कागद नाही.

शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांशी मी बोलले, ते जास्त उपयोगाचं ठरलं. त्यांनी मला एक गोणी दाखवली: ऑईलचे रिकामे डबे, आणि प्रत्येकाच्या तळाशी बोटभर काळं. एक डबा गोणीत आडवा झाला की खालचा सगळा पुठ्ठा आणि दुधाच्या पिशव्या खराब, मग भंगारवालाही घेत नाही. गोणीत तीन-चार फिल्टरही होते. फिल्टर काढून फेकला तरी त्याच्या पोटात कपभर ऑईल राहतं; तो ट्रेवर रात्रभर उलटा ठेवला तर निथळतं, पण ठेवतंय कोण? म्हणजे ज्याला भाव आहे ते ऑईल भंगारवाल्याकडे, आणि ज्याला भाव नाही ते डबे, फिल्टर आणि पुसायची फडकी पंचायतीच्या शेडमध्ये. पंचायत ह्या विषयात आधीपासूनच आहे, फक्त तोट्याच्या बाजूने.

रविवारच्या ग्रामसभेत मी विषय मांडला. आमच्या ग्रामसभेत गटाराच्या विषयाला एक तास जातो आणि उरलेल्या विषयांना मिळून दहा मिनिटं, त्यामुळे मी थोडक्यात बोलले. "घातक कचरा" हे दोन शब्द तोंडातून गेले मात्र, मागच्या रांगेतून आवाज आला, "आमच्या गावात नको!" गोव्यात कचऱ्याचं काहीही म्हटलं की हे ठरलेलं, आणि अनुभव बघता लोकांना दोषही देता येत नाही. मी म्हटलं, बाहेरून एक थेंब आणायचा नाही, जे गावात आहे ते गावाबाहेर न्यायचं आहे. दुसरा प्रश्न खरंच चांगला होता: पिसुर्ल्याला घातक कचऱ्याचा प्रकल्प झाला आहे, तिकडेच का नाही देत? त्याचं उत्तर असं, की तो प्रकल्प मुख्यतः ज्याचं काही करता येत नाही अशा कचऱ्यासाठी आहे. ज्याच्यातून पुन्हा तेल निघतं ते पुरायला किंवा जाळायला कशाला पाठवायचं? एका पंचांनी विचारलं की आग लागली तर? इंजिन ऑईल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण त्यात पेट्रोल मिसळलेलं असलं तर वेगळी गोष्ट, म्हणून जागा उघडी, हवेशीर आणि शेडच्या पुठ्ठ्यांपासून लांब हवी. हे मी कबूल केलं आणि सेक्रेटरींनी लिहून घेतलं. शेवटी ठरलं काय, तर मंडळाला पत्र लिहून विचारायचं की पंचायतीला असं साठवायला परवानगी लागते का आणि कुठली. पत्र गेलं आहे. पोच माझ्याकडे आहे.

मधल्या काळात आम्ही हात बांधून बसलो नाही. समोरच्या गॅरेजवाल्याकडे पक्की जमीन आणि वर पत्रे आहेत, आणि ऑईलही त्याच्याचकडे सगळ्यात जास्त निघतं. त्याने पिंप ठेवलं. पिंपाखाली विटांचा बांध घालून आत लाकडाचा भुसा पसरला. मी वही दिली, दुकानातलीच, लाल पुठ्ठ्याची. भंगारवाला देतो त्यापेक्षा अधिकृत माणूस थोडा कमी भाव देतो, कारण त्याला कागद करावे लागतात. त्यावरून दोघे मेकॅनिक आले नाहीत. बाकीचे आले, अर्धे पटलं म्हणून, अर्धे वहिनीचा ससेमिरा चुकवायला. आणि मी नव्या ऑईलवर त्यांना डब्यामागे थोडी सूट देते. ह्यांना ते पसंत नाही, पण उधारी वसूल न करणाऱ्याने सुटीवर बोलू नये.

पिंप भरलं, गाडी आली. त्या माणसाने आधी एक लांब काचेची नळी आत घालून तळाशी पाणी आहे का बघितलं. पावसाळ्याचे दिवस होते, मला धाकधूक. पाणी नव्हतं. त्याने सांगितलं की अनेक ठिकाणी पिंप उघड्यावर असतं, निम्मं पाणीच निघतं, किंवा कुणीतरी कूलंट, ब्रेक ऑईल, थिनर ओतून ठेवतो. मग अख्खं पिंप नाकारावं लागतं. एका माणसाच्या आळसाने दोनशे लिटर वाया. कागद झाले. मेकॅनिकचा मुलगा रंगीत प्रत हातात धरून म्हणाला, "बाबा, आपण पण कंपनी झालो."

माझं गणित पणजीतल्या साहेबांसाठी अगदी साधं आहे. गोव्यात १९१ पंचायती, १३ पालिका आणि एक महापालिका. पणजीत वसाहतींतल्या लोकांनी सोळा प्रकारे कचरा वेगळा करून दाखवला, तेव्हा लोकांना जमत नाही असं कुणी म्हणू नये. प्रत्येक पंचायतीला पिंप नको, चार-पाच गावांत मिळून एक पुरे. कंपन्यांना दाखले हवे आहेत, कारखान्यांना माल हवा आहे. त्यांनीच पिंप आणि बांधाचा खर्च करावा, पंचायतीने जागा आणि वही सांभाळावी. आधी सुरुवात कुठून, असं विचाराल तर मी म्हणेन किनाऱ्यावरच्या रेंट-अ-बाईकवाल्यांपासून. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या स्कूटर सीझनमध्ये दिवसभर पळतात, ऑईल वारंवार बदललं जातं, आणि मालकाच्या अंगणातच. मालीम, कुटबण, शापोरा इथल्या ट्रॉलरचं ऑईल हा तर ह्याहून मोठा विषय. तो जेटीवरच्या माणसाने लिहावा, माझा पाय होडीत ठरत नाही.

डिचोलीच्या आसपास जे कोणी घरी स्वतः ऑईल बदलतात, विशेषतः बुलेटवाले, त्यांच्यासाठी सांगते. लिटर-दोन लिटर असलं तरी आणा. ज्या डब्यातून नवं ओतलं त्यातच जुनं भरा, झाकण घट्ट लावा, त्यात पाणी, पेट्रोल, कूलंट काही मिसळू नका. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून मगच पिशवीत घाला. पैसे मिळणार नाहीत, पण वहीत नाव आणि लिटर लिहून घेतलं जाईल. समोरच्या गॅरेजात सोडायचं, आधी दुकानात येऊन सांगायचं. एक ते चार दुकान बंद असतं, शटर वाजवू नये. आणि बुधवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, तेवढा एक दिवस सोडून कधीही या.